न दुखणारी बाजू

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आईनं ही गोष्ट शेजारच्या बाईला एकदा सहज सांगितली आणि खांडबाऱ्याला आमची बदली झाल्यावर पंधरा दिवसांत ती टेसनभर झाली. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं तिकडे सगळे मानतात. त्यामुळे सतराव्या वर्षी, सुरतेच्या मिशनच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी घरी आले, तेव्हा आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात माझ्यासाठी एक काम तयारच होतं.

शाळेत सात वर्षं मी इंग्रजीत बोलले, आणि तेही विचारलं तरच. घरी आल्यावर मराठीतही तसंच चाललं. अनोळखी माणूस आला की मी स्वयंपाकघरात जाऊन बसते. अशा मुलीला अंगणात पोत्यावर पालथ्या झोपलेल्या परक्या पुरुषाच्या पाठीवर पाय ठेवायला सांगायचं! पहिल्या वेळी मी रडकुंडीला आले होते. आई म्हणाली, "अगं ठेव पाय. पाय तुझा, पुण्य तुझं, आणि लाजतेस कसली मेली?" वडील स्टेशनमास्तर. त्यांचा यावर विश्वास नव्हता, पण वखारीतल्या टोळीचे लोक मालगाडीच्या वाघिणी वेळेवर भरत असत, म्हणून ते त्या वेळी ऑफिसात काहीतरी शोधायला जात.

रीत अशी होती. डावा पाय. खांद्यापासून कंबरेपर्यंत तीनदा, हलकं दाबत. बोलायचं नाही. नंतर मी त्या माणसाला वाकून नमस्कार करायचा, कारण मोठ्या माणसाला पाय लावलेला असतो. या नमस्कारानं मला जितका संकोच व्हायचा त्याहून जास्त त्या माणसाला व्हायचा. तो उठायच्या घाईत पुन्हा कण्हायचा.

येणारे सगळे लाकडाच्या वखारीतले. रुळांच्या पलीकडे ठेकेदाराची वखार होती. जंगलातून गाड्यांनी आलेला साग तिथं पडायचा आणि वाघिणींत भरून सुरतेकडे जायचा. हे काम आठ जणांची टोळी करायची. लाकडाला खालून दोर, दोरात आडवे दांडे, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस. लाकडाच्या डाव्या अंगाला उभा राहणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर दांडा येतो, उजव्या अंगाला उभा राहणाऱ्याच्या डाव्या. टोळीत आलेल्या दिवशी ज्याला जी बाजू मिळाली ती त्याची कायमची. बाजू कधीच बदलायची नाही, असा तिथला नियम होता. कारण ओझं घेऊन चालताना खांदा बदलतात तो फक्त प्रेताला. लाकडाला खांदा बदलला तर ते लाकूड कोणाला तरी घेऊन जातं, असं टोळीचा मुकादम म्हणायचा. तो तापीकाठच्या गावातला होता. त्याच्या डोळ्यासमोर एकदा एक माणूस ओंडक्याखाली गेला होता आणि त्यानं म्हणे जरा आधी खांदा बदलला होता. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखरच भीती वाटायची. प्रत्येक नवं लाकूड उचलण्याआधी तो दांड्याला चिमूटभर माती लावायला लावायचा, म्हणजे मागच्या लाकडाचं सगळं तिथंच संपलं.

आमच्याकडे पाणी भरायला येणाऱ्या बाईला मी मावशी म्हणायचे. ती चाळिशीची असेल, उंच, ताठ, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणारी. घरी ती मावची बोलायची, आमच्याशी बाजारातली अहिराणी. तिचा नवरा टोळीत उजव्या खांद्याला होता. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, डाव्या खांद्याला, तिचा सख्खा भाऊ. दोघांची जोड आठ वर्षांची.

माझ्या पायाखाली सगळ्यात जास्त वेळा आलेली पाठ या मावशीच्या नवऱ्याची. दर पंधरा-वीस दिवसांनी त्याला उसण भरायची. मी मागच्या खिडकीतून वखारीकडे बघत बसायचे, दुसरं काम नव्हतं. त्यामुळे एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ओझ्याखाली असताना त्याला कधीच काही व्हायचं नाही. ओंडका वाघिणीत जायचा, सगळे मोकळे व्हायचे, आणि हा विडी किंवा दोर उचलायला वाकायचा. तिथंच बसायचा. मग मेहुणा त्याला धरून आमच्या अंगणात आणायचा आणि येताना थट्टा करायचा, "पाव्हना, सागनं झाड उचलस आनि विडी जड व्हयनी का?"

मी पाय लावायचे. दोन दिवसांत तो बरा व्हायचा. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मला आतून खोटं खोटं वाटायचं, कारण तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा हजर असायचा.

त्या वर्षी माघात तो एकाच आठवड्यात दोनदा बसला. दुसऱ्या वेळी वाघीण अर्धी राहिली आणि गाडीला जोडता आली नाही. मुकादम आमच्या कुंपणापर्यंत आला आणि मावशीच्या समोरच त्याला म्हणाला, "आते तिसरांदा बसना ते परत येऊ नको. मी दुसरा मानूस लयसू."

म्हणजे काय होईल ते मावशीनं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. टोळी सुटली तर सुरतेच्या पलीकडे विटांच्या भट्टीवर जावं लागेल, पाऊस येईपर्यंत. जायला तिची ना नव्हती, तिच्या गावातली निम्मी घरं जातच होती. पण घरात तिची सासू होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिला झोपडीतल्या झोपडीत हात लावून सगळं सापडायचं. भट्टीवर नेली तर तिथल्या विस्तवात ती दोन दिवस टिकणार नाही, आणि मागं ठेवायला कोणी नाही. मावशी हे रडून सांगत नव्हती. हंडा रिकामा करता करता बोलत होती. शेवटी तिनं पदराला हात पुसले आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"बाई, तुन्हा पायले काय लागस?"

मला कळलं नाही.

"तू पाय ठेवस. पायखाले काय लागस? सांग."

वर्षभरात हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मला विचारतील अशी माझीही अपेक्षा नव्हती. पण उत्तर माझ्याजवळ होतं आणि खूप दिवस होतं. मी आईकडे बघितलं, आणि मग घरी आल्यापासूनचं माझं सगळ्यात मोठं बोलणं बोलले.

मी म्हणाले, त्यांच्या पाठीची डावी बाजू, कंबरेच्या वर, लाकडासारखी लागते. दोर पिळून ठेवावा तशी. दुखतं म्हणतात तेही तिथंच. पण उजवी बाजू भिजवलेल्या कणकेसारखी आहे, पाय आत जातो. वर खांद्याजवळ उलट आहे, उजवा खांदा उंच आणि घट्ट. आणि तुमच्या भावाला दोनदा पाय लावला आहे. त्यांची पाठ अशीच आहे, पण आरशात बघावी तशी. त्यांची उजवी कंबर घट्ट आणि डावी मऊ.

मावशी ऐकत होती तशी तिची मान हळूहळू तिरकी होत गेली. मग ती तडक पायऱ्या उतरून गेली आणि कुंपणापाशी बसलेल्या नवऱ्याला नि भावाला घेऊन आली.

"निज आडवा," ती भावाला म्हणाली.

"माले काय व्हयनं? दुखस त्याले."

"तू बी निज. तुन्ही पाठ दखू दे."

दोघं शेजारी शेजारी पालथे झोपले. एकाच्या पाठीवर उजवा हात, दुसऱ्याच्या पाठीवर डावा, असं ती बराच वेळ दाबून बघत होती. कणीक दाबावी तसं नाही, बाजारात बैल घेताना दाबतात तसं. मग ती हसायला लागली. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

"जो राबस तोच रडस," ती म्हणाली. "दुसरा निजेल शे."

नंतर तिनं आईला समजावलं ते असं. जोडीतला एक बैल दांडगा असतो, एक दुबळा. दुबळा नुसता चालतो, ओढतो सगळं दांडगाच. खांदा सुजतो तोही दांडग्याचा. मग मालक काय करतो, सुजलेल्या खांद्याला तेल चोळतो, शेक देतो, आणि सकाळी पुन्हा त्यालाच ओढायला लावतो. दुबळ्याकडे कोणी बघत नाही, कारण तो कण्हत नाही. तिच्या नवऱ्याच्या पाठीला आठ वर्षं सगळ्यांनी डावीकडे तेल चोळलं होतं. मीही पाय डावीकडेच जास्त दाबायचे. उजव्या खांद्यावरचा दांडा सावरताना डावी कंबर ताणून धरायची, दिवसभर, आणि उजवी आराम करायची. काम संपल्यावर हा वाकला की दमलेली बाजू एकटीच सगळं अंग पेलायला जायची आणि आकडायची.

आमच्या शाळेत फिजिऑलॉजीचं पुस्तक होतं. त्यात कातडं काढलेल्या माणसाचं चित्र होतं, सगळे स्नायू तांबडे, प्रत्येकाला रेघ आणि रेघेच्या टोकाला लॅटिन नाव. मला त्यातली चाळीस नावं पाठ होती आणि त्यासाठी बक्षीसही मिळालं होतं. तरी त्या अंगणात मला हे सुचलं नाही. तिला सुचलं. त्या चित्रातल्या माणसाच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या, आणि तो काही काम करत नव्हता.

त्या दिवसापासून मी मावशीला नीट बघायला लागले. ती विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर आणि एक घागर कमरेवर आणायची. एका खेपेला कमरेवरची घागर डाव्या बाजूला असायची, पुढच्या खेपेला उजव्या. एकदाही चुकत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, तिच्या आईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून ही सवय लावली होती. वाकडी चाललीस तर वाकडाच नवरा मिळेल, असं आई म्हणायची. "मियनाच," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मिळालाच.

तिनं नवऱ्याच्या झोपलेल्या बाजूला उठवायला घेतलं. त्यानं डाव्या खांद्यावर कावड घेऊन आमचं निम्मं पाणी भरायचं. लाकूड डाव्या हातानं फोडायचं. विहिरीचा दोर डावा हात पुढे धरून ओढायचा. तो डाव्या हातानं कुऱ्हाड चालवायला लागला की ढलप्या कुठंही उडायच्या. मेहुण्याला तर पर्वणीच. "पाव्हना, आते जेवान बी डावा हाते का?" पण मावशी त्यालाही सोडत नव्हती, त्याला सगळं उजवीकडून करायला लावायची. आमचं सरपण त्या महिन्यात गरजेपेक्षा चौपट फुटलं.

इथं तिची एक चूक झाली, आणि ती मी लपवणार नाही, कारण तिनंही लपवली नाही. तिला घाई होती. आठच दिवसांत तिनं दोघांना सांगितलं, आता वखारीत बाजू बदला. मुकादमाची नजर दुसरीकडे असताना, ओंडका खांद्यावर घेऊन चालता चालताच, दोघांनी दांड्याखालून डोकं काढून खांदा बदलायचा प्रयत्न केला. मी खिडकीतून बघत होते. डावा खांदा अजून कच्चा होता. दांडा कातडीवरून सरकला, ओंडक्याचं तोंड खाली आलं, आणि बाकीचे सहा जण उड्या मारून बाजूला झाले. मेहुण्याच्या पायाचं नख गेलं. तेवढ्यावर निभावलं.

मुकादम काठी घेऊन धावत आला. तो मारायला आला असं मला वाटलं. पण त्यानं काठी जमिनीवर आपटली आणि त्याचा आवाज चिरकला. "खांदा बदलतस तो मयतले! आठे कोन मरना? सांग ना, कोन मरना?"

 नवरा बसला नव्हता, त्याची पाठ शाबूत होती, म्हणून त्याला काढला नाही. पण पुन्हा असं दिसलं तर दोघंही जातील, असं मुकादम म्हणाला. आता एक नव्हे, दोन घरं टांगणीला लागली.

मावशी त्या दिवशी पाणी भरायला उशिरा आली. भावाच्या पायाला तिनं चिंधी बांधली होती. ती एकटीच पायरीवर बसली आणि मला म्हणाली की चूक तिची आहे. बैलाला नव्या बाजूला जुंपायचं तर आधी रिकाम्या गाडीला जुंपतात, हे तिला माहीत होतं आणि तरी ती विसरली. मी तिच्या शेजारी बसले.  तिनं विचारलं, "मयतले खांदा कव्हय बदलतस, बाई?"

मी म्हणाले, चालताना.

"चालतांना," ती म्हणाली. "खाले ठेवतस का?"

नाही. तिकडे खांदा बदलतात तो चालताच, मी म्हणाले. ती वखारीकडे बघायला लागली. वखारीतून वाघिणीकडे जाणाऱ्या वाटेवर निम्म्यात एक लिंब होता.

पुढे महिनाभर घाई करायची नाही, असं तिनं ठरवलं. कावड, कुऱ्हाड, दोर चालूच होतं; वखारीत मात्र ओझं उतरल्यावर वाकायचं काम मेहुणाच करायचा, म्हणून नवरा त्या महिन्यात बसला नाही. अधूनमधून ती मला पाय ठेवायला लावायची, उसण उतरवायला नव्हे, बघायला. "आते काय लागस?" मी सांगायचे. कणीक घट्ट होत होती. एक दिवस मी सांगितलं की आता कणीक नाही, ओली माती आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाले, वाळत आलेली माती. तिनं मान हलवली. माझ्या शब्दावर कोणीतरी इतकं विसंबून आहे, हे मला नवीन होतं. मी पाय ठेवताना डोळे मिटायला लागले, म्हणजे चूक होणार नाही.

होळीनंतर एक लांबलचक साग आला. असा साग वर्षात एखादा येतो. मुकादमानं सकाळपासून दोर तपासले. मी आणि मावशी टेसनच्या विहिरीपाशी उभ्या होतो, तिथून सगळं दिसायचं. तिनं हंडे भरले नव्हते. तेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आठ जणांनी उचलला. नवरा उजव्या खांद्याला, नेहमीसारखा. लिंबापर्यंत आले आणि टोळीतल्या पुढच्या माणसानं आवाज दिला. ओंडका सावकाश खाली बसला. मेहुण्यानं वाकून चिमूटभर माती घेतली, दांड्याला लावली, आणि नवरा ओंडक्याला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला. मेहुणा अलीकडे आला.

मुकादमाची काठी वर गेली. "काय चालना रे हाई?"

"नवं लाकूड शे, मुकादम," मेहुणा म्हणाला. "माती लाई दिनी. पयलं तठेच उतरी गयं."

पहिलं लाकूड तिथंच उतरलं, हे नवीन उचलतोय. मुकादमानं ओंडक्याकडे बघितलं, दांड्याकडे बघितलं. कोणाच्या खांद्यावर काहीच नव्हतं. खांदा बदलला असं म्हणायला त्याला जागा सापडेना.  मग त्यानं काठी खाली घेतली, आणि स्वतःच वाकून मातीची चिमूट उचलली नि दुसऱ्या दांड्यालाही लावली. त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

ओंडका उठला. मी नवऱ्याचा डावा खांदा बघत होते. दांडा त्यावर बसला होता, सरकला नाही. पावलं बारीक पडत होती, पण सरळ पडत होती. आधी तो चालायचा तेव्हा मागून बघताना पावसात एका बाजूला कललेल्या खांबासारखा दिसायचा. मला इतके दिवस ते कलणं दिसलंच नव्हतं. तो कललेला नसताना दिसलं.

ओंडका वाघिणीत गेला. सगळ्यांनी दांडे टाकले. आणि आता ते व्हायचं होतं, जे दर वेळी व्हायचं. त्याचं मुंडासं जमिनीवर पडलं होतं. मावशीनं माझं मनगट धरलं.  वखारीत मेहुणा थट्टा करायची विसरून उभा होता, मुकादमही बघत होता. नवरा वाकला. वाकून मुंडासं उचललं, झटकलं, आणि सरळ उभा राहून डोक्याला गुंडाळायला लागला. दोन वेढे झाले, तीन झाले.

मुकादम पाठ फिरवून चालायला लागला. जाता जाता मागं न बघता म्हणाला, "सकायले टायमवर ये."

मावशीनं माझं मनगट सोडलं. तिचं तोंड मला दिसलं नाही, कारण तिनं लगेच पोहरा विहिरीत सोडला होता आणि ती आत वाकून बघत होती. दोर तिनं नेहमीपेक्षा जरा जोरात ओढला. त्या दिवशी पाण्याला उशीर झाला म्हणून आई आम्हा दोघींवर ओरडली, आणि आम्ही दोघींनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.